होमर, सेनेका आणि नाक्यावरचा अर्धपुतळा

अंधेरी पश्चिमेला इमारतींच्या गराड्यात गिल्बर्ट हिल उभा आहे. सुमारे दोनशे फूट उंचीचा, काळ्या बसाल्टचा सरळसोट सुळका. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा अवशेष. माथ्यावर गावदेवीचे देऊळ, पायथ्याशी दाटीवाटीची वस्ती. हा दगड मराठी माणसाला परका नाही. सह्याद्री त्याचा, बहुतेक गडकोट त्याचे, आणि गाभाऱ्यातल्या काळ्या पाषाणाच्या मूर्तींमुळे देवाचा रंगसुद्धा आपल्या मनात त्याचाच. म्हणून अठराव्या शतकातल्या एका इंग्रज कुंभाराने आपल्या मालाला ‘ब्लॅक बसाल्ट’ असे नाव दिले होते, हे कळल्यावर जरा हसू येते. त्याच्या मालात दगडाचा कणही नव्हता, होती ती भाजलेली माती. जोसाया वेजवुड (१७३०-१७९५) हे त्या कुंभाराचे नाव. त्या काळ्या मातीतून त्याने होमर, प्लेटो, सॉक्रेटिस, सिसेरो, व्हर्जिल, होरेस, सेनेका अशा ग्रीक-रोमन मंडळींचे अर्धपुतळे काढले आणि विकले. संग्रहालयाच्या कपाटात हे पुतळे आज शोभेच्या वस्तूंसारखे दिसतात. पण ते कसे बनले आणि त्यांच्यावरचे चेहरे कुठून आले हे पाहिले, तर आपल्या शाळेच्या पटांगणातल्या, रेल्वे स्टेशनाबाहेरच्या, वस्तीच्या तोंडाशी असलेल्या अर्धपुतळ्यांकडे पाहण्याची नजरच बदलते. थोर माणसाचा चेहरा पिढ्यान्‌पिढ्या टिकवतो तो साचा. त्या माणसाला प्रत्यक्ष पाहिलेल्यांची आठवण तिथे फारशी कामी येत नाही. हे विधान धाडसी वाटेल, पण पुरावा त्याच बाजूचा आहे.

आधी कृती पाहू, कारण सगळी मेख तिच्यात आहे. इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात कोळसा आणि चिकणमाती शेजारीशेजारी सापडत, त्यामुळे तिथे गावेच्या गावे कुंभारकामावर जगत. कोळशाच्या खाणींतून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर लोहाचा तांबूस गाळ येई. हा गाळ मातीत मिसळून भाजला की भांडे काळे निघते, हे तिथल्या कुंभारांना आधीपासून ठाऊक होते. वेजवुडने ही माती गाळून, तिच्यात मँगनीज घालून, प्रमाण पुन्हा पुन्हा बदलून १७६८ च्या सुमारास तिला असे रूप दिले की भाजल्यावर ती घट्ट, बारीक पोताची आणि मंद तुकतुकीची व्हावी. वर झिलई द्यायची गरज नाही. झिलई नाही म्हणजे नाकाची धार, पापणीची कड, दाढीचा वळसा बुजत नाही. पुतळा घडवताना प्लास्टरच्या साच्याच्या तुकड्यांत ओल्या मातीच्या पोळ्या दाबून बसवत, प्लास्टरने पाणी शोषले की माती कडेने सुटे, मग ते पोकळ भाग पातळ चिखलाने जोडून सांध्यांची रेघ घासून टाकत. शेवटचा हात कारागिराचा. केसांच्या बटा, डोळ्यांचे कोपरे तो कोरणीने पुन्हा जिवंत करी. विल्यम हॅकवुडसारखे कसलेले हात वेजवुडकडे या कामाला होते. मग पुतळा भट्टीत जाई. भट्टीत माती आकसते, दहा टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त. त्यामुळे ज्या साच्यातून पुतळा निघाला त्या साच्याहून तो नेहमी लहान. आणि कुणी त्या तयार पुतळ्यावरूनच नवा साचा घेतला, तर पुढची प्रत आणखी लहान. होमरची प्रत म्हणजे होमरची आकसलेली प्रत, आणि तिची नक्कल त्याहून आकसलेली.

वेजवुडचा साचा तरी मूळचा होता का? नव्हता. त्याने लंडनच्या होस्किन्स आणि ग्रँट या प्लास्टरवाल्यांकडून १७७४-७५ च्या सुमारास अर्धपुतळ्यांचे तयार ठसे घेतले. प्लास्टरचे अर्धपुतळे तेव्हा इंग्लंडमध्ये चांगले खपत. जॉन चीअरसारख्या शिल्पकाराचे कारखानेच त्यावर चालत, काळा किंवा तांब्याचा रंग फासून ते धातूचे म्हणून मिरवत. पण प्लास्टर ठिसूळ, रंग उडाला की आतला पांढरा खडू दिसतो. वेजवुडची मेख इथे होती. त्याचा काळा रंग वरून फासलेला नव्हता, मातीच्या हाडात होता. खपण्याची जागा होती श्रीमंतांची ग्रंथालये. पुस्तकांच्या कपाटावर थोरांचे अर्धपुतळे ठेवायची रीत रोमन काळापासूनची. सतराव्या शतकात रॉबर्ट कॉटन या संग्राहकाने तर कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे ठेवून कपाटांना त्यांचीच नावे दिली होती. त्याची हस्तलिखिते आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि अजूनही त्यांचा पत्ता त्या सम्राटांच्या नावानेच लिहितात. म्हणजे अर्धपुतळा ही आधी एक खूण होती. चेहरा पाहून अमके कपाट, अमके विषय, अमकी विचारांची परंपरा हे कळावे, यासाठी तो. वेजवुडने १७७३ पासून छापील सूचीपत्रे काढली आणि पुढच्या सूचीत तत्त्वज्ञ, कवी, वक्ते असे गट पाडले. शेक्सपिअर, मिल्टन, न्यूटन आणि लॉकही याच रांगेत आले. इंग्रज माणूस स्वतःच्या पूर्वजांना ग्रीकांच्या शेजारी बसवत होता, आणि शेजार सिद्ध करायला एकाच मापाचा, एकाच काळ्या मातीचा पुतळा पुरेसा होता.

आता चेहऱ्यांकडे वळू. होमर आंधळा, कपाळावर आठ्या, दाढी विस्कटलेली, डोळे वर. हा चेहरा कुणी पाहिला होता? कुणीही नाही. होमर नावाचा एकच माणूस झाला की नाही यावरच वाद आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने ही गोष्ट जराही न लपवता नोंदवली आहे: ज्यांचे चेहरे वारशाने मिळाले नाहीत त्यांचे चेहरे आपली ओढच घडवते, होमर हे त्याचे उदाहरण. ग्रंथालयात थोरांच्या प्रतिमा बसवायची सुरुवात असिनियस पोलिओ याने केली हेही तोच सांगतो. म्हणजे अर्धपुतळ्यांच्या जन्मापासूनच लोकांना ठाऊक होते की हा चेहरा कल्पित आहे, आणि तरीही तो ‘होमरचा’ होता. होमरच्या बाबतीत निदान कल्पना उघड होती. सेनेकाच्या बाबतीत मात्र शुद्ध चूक झाली. सोळाव्या शतकात फुल्व्हिओ ओर्सिनी या विद्वानाने एका जुन्या चेहऱ्यावर सेनेकाचे नाव ठेवले: हाडे वर आलेली, गाल खपाटीला गेलेले, केस कपाळावर चिकटलेले. वैराग्य सांगणाऱ्या, राजाज्ञेने हाताच्या शिरा कापून घेणाऱ्या तत्त्वज्ञाला हा चेहरा इतका शोभला की रुबेन्ससारख्या चित्रकाराने तो जपला, आणि १७५४ साली हर्क्युलेनियम या गाडल्या गेलेल्या रोमन शहराच्या राखेतून त्याच चेहऱ्याची कांस्यमूर्ती निघाली तेव्हा आनंदीआनंद झाला. कला-इतिहासकार विंकेलमनने शंका घेतली होती, पण शंकेचा साचा निघत नाही. १८१३ साली रोममध्ये एक जोडमूर्ती सापडली, एका बाजूला सॉक्रेटिस, दुसऱ्या बाजूला सेनेका, आणि नाव खाली स्पष्ट कोरलेले. हा सेनेका टकला, गुबगुबीत, दुहेरी हनुवटीचा, एखाद्या सुखवस्तू सावकारासारखा. वेजवुड तोवर मरून अठरा वर्षे झाली होती. युरोपातल्या ग्रंथालयांतल्या कपाटांवर जो सेनेका दीडदोनशे वर्षे बसला होता तो सेनेका नव्हताच. खऱ्या सेनेकाचा चेहरा आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. तरी सेनेका म्हटल्यावर पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तो हडकुळा म्हाताराच उभा राहतो. जाता जाता एक: वेजवुडने आपल्या नव्या कारखान्याला ‘एट्रुरिया’ हे नाव दिले ते इटलीत सापडणारी रंगीत भांडी एट्रुस्कन लोकांची आहेत या समजुतीने. ती बहुतेक ग्रीकांची होती. कारखान्याच्या पाटीवरच चुकीची ओळख कोरलेली होती म्हणायची.

आपल्याकडे असे काही झालेच नाही, असे म्हणायची सोय नाही. शिवाजी महाराजांचे म्हणून एक चित्र कित्येक वर्षे पुस्तकांत छापले जात होते. ते महाराजांचे नसून इब्राहिम खान नावाच्या माणसाचे आहे, हे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि डचांच्या कागदपत्रांबरोबर युरोपात गेलेले महाराजांचे चित्र पुढे आणले. ओर्सिनीच्या सेनेकासारखीच ही गोष्ट, फरक इतकाच की आपल्याकडे चूक दुरुस्त झाली आणि दुरुस्ती रुजली. पण रुजली ती का? कारण दुरुस्त चित्राला शिल्पकार मिळाले, छापखाने मिळाले, साचे मिळाले. महाराजांची जी दख्खनी लघुचित्रे युरोपच्या संग्रहांत आहेत त्यांत चेहरा एका बाजूने किंवा थोडा वळलेला दिसतो. सपाट कागदावरच्या त्या चेहऱ्याला समोरून पाहण्याजोगा, गोलाईचा, दोन्ही डोळ्यांचा चेहरा देणे हे काम शिल्पकाराचे. नानासाहेब करमरकरांनी १९२८ साली पुण्यात उभा केलेला अश्वारूढ पुतळा काय, गेटवे ऑफ इंडियासमोरचा १९६१ चा पुतळा काय, त्यातला समोरून दिसणारा चेहरा हा अभ्यासातून आणि ओढीतून आलेला आहे. प्लिनी म्हणतो तीच ही ओढ. तुकोबांचे तर समकालीन चित्रच उपलब्ध नाही. १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस उभे राहिले, आणि नंतरच्या कित्येक तसबिरींतून तुकोबांच्या मुद्रेवर पागनीसांची छटा उतरली. सतराव्या शतकातल्या माणसाला विसाव्या शतकातल्या नटाचा चेहरा मिळाला, आणि देहूच्या वारकऱ्याला त्यात काही वावगे वाटले नाही.

याहून नेमके उदाहरण शिर्डीचे. साईबाबा १९१८ च्या दसऱ्याला गेले. समाधी मंदिरातली संगमरवरी मूर्ती १९५४ च्या दसऱ्याला बसली, मधे छत्तीस वर्षे. मुंबईचे शिल्पकार बी. व्ही. तालीम यांच्यापुढे आधाराला होते ते कृष्णधवल छायाचित्र. त्या छायाचित्रातून त्यांनी इटालियन संगमरवरात बाबा बसवले. आज अंधेरीच्या बाजारात, ट्रॅफिक सिग्नलवर, रिक्षाच्या डॅशबोर्डवर जे साईबाबा दिसतात ते छायाचित्रातल्या फकिराहून तालीम यांच्या संगमरवराच्या जास्त जवळचे आहेत. एका पायावर दुसरा पाय, डोक्याला बांधलेले फडके, गालावरची ती भरीव शांतता. प्लास्टरमध्ये, रेझिनमध्ये, फायबरमध्ये ओतलेल्या लक्षावधी लहान मूर्ती त्या एका दगडाच्या वंशज आहेत. वेजवुडच्या साच्यातून होमर जसा घराघरांत गेला तसाच. शिल्पकाराचे नाव मात्र भक्तांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. हॅकवुडचे तरी कुणाला ठाऊक होते?

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. चेहरा खरा नसेल तर हे सगळे खोटेच नाही का? ज्याच्यापुढे फूल वाहायचे तो माणूसच नसेल तर पुतळ्याचा उपयोग काय? या आक्षेपामागे एक गृहीत आहे, की अर्धपुतळ्याचे काम छायाचित्राचे काम आहे. पण ज्यांचे चेहरे निःसंशय ठाऊक आहेत त्यांच्या पुतळ्यांत काय होते ते पाहा. स्टॅफर्डशरच्याच इनॉक वुडने १७८१ साली धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांना समोर बसवून त्यांचा अर्धपुतळा घडवला. वेस्ली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, त्यांनी बैठका दिल्या, साम्य पक्के साधले. त्यानंतर त्याच्या रंगीत मातीच्या प्रती आणि प्रतींच्या प्रती निघत गेल्या. दर खेपेला सुरकुत्या कमी झाल्या, गाल गुलाबी झाले आणि उरले काय, तर पांढरे लांब केस, काळा झगा आणि गळ्यातले पांढरे पट्टे. खेड्यातल्या अनुयायाला तेवढे पुरत होते. बाबासाहेब आंबेडकरांची पुष्कळ छायाचित्रे आहेत, त्यांना पाहिलेली माणसे परवापरवापर्यंत होती. तरी वस्तीवस्तीतल्या अर्धपुतळ्यात चेहऱ्याचे साम्य कमीजास्त असते आणि कुणी बिचकत नाही. निळा कोट, टाय, गोल भिंगांचा चष्मा, मागे वळवलेले केस, कोटाच्या खिशाला पेन. ही खूणगाठ जुळली की पुतळा बाबासाहेबांचा. उभा पुतळा असेल तर हातात संविधान आणि दूरवर दाखवणारे बोट. छायाचित्र ‘असा दिसत होता’ एवढेच सांगते. अर्धपुतळा विचारतो, ‘हा कोण, ओळखलेस?’ साम्याच्या परीक्षेत नापास झालेला पुतळा ओळखीच्या परीक्षेत पहिला येऊ शकतो. सेनेकाचा चुकीचा चेहरा दोन शतके टिकला तो याच जोरावर, आणि म्हणूनच त्याला निव्वळ खोटे म्हणणे मला पटत नाही. चूक होती ती नावाची चिठ्ठी लावण्यात. वैराग्याचा तो चेहरा मात्र लोकांना खरोखरच हवा होता.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. वेजवुडचे पुतळे जमीनदारांच्या ग्रंथालयात होते, आपले पुतळे नाक्यावर आहेत. एकीकडे सजावट, दुसरीकडे अस्मिता. तुलना कशी करता? पहिली गोष्ट, वेजवुडची मातीसुद्धा दिवाणखान्यात थांबली नाही. १७८७ साली त्याने गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीसाठी बेड्यांतल्या, गुडघे टेकून हात जोडलेल्या गुलामाचे एक छोटे पदक काढले. नमुना पुन्हा हॅकवुडच्या हातचा. हजारो पदके पदरचा खर्च करून वाटली. पुरुषांनी ती तपकिरीच्या डबीवर जडवली, बायकांनी बांगडीत आणि केसांच्या काट्यात. पार्लमेंटात गुलामांच्या व्यापारावर कायदा व्हायला पुढे वीस वर्षे लागली, पण इंग्लंडच्या घराघरात तो प्रश्न एका साच्यातून निघालेल्या मातीच्या चकतीने नेला. स्वस्त नक्कल ही चळवळीची ताकद होऊ शकते, हे तेव्हाच सिद्ध झाले. आपल्याकडे कोल्हापूरच्या बिंदू चौकात भाई माधवराव बागलांनी ९ डिसेंबर १९५० रोजी महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसवले, बाबासाहेब हयात असताना. त्या दोन अर्धपुतळ्यांत जी तडफ होती तिचा साचा पुढे महाराष्ट्रभर पोचला. मुंबई उपनगरात त्याची किंमतही मोजावी लागली. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ च्या सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. ज्या पुतळ्यावरून हे घडले त्याची कलाबाजारातली किंमत कुणी विचारणार नाही. पुतळा सिमेंटचा होता की ब्रॉन्झचा, मूळ की प्रत, हा प्रश्न तिथे फिजूल होता. म्हणून साच्यातल्या प्रतींना ‘ही काय कला?’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना माझे उत्तर असे की कलेची कसोटी तुम्ही संग्रहालयात लावा. अर्धपुतळ्याची कसोटी रस्त्यावर लागते, आणि ती फार कडक असते.

राहिला तिसरा आक्षेप: अर्धपुतळा हा इंग्रजांनी आणलेला प्रकार, आपला नव्हे. इंग्रजांनी आणला हे अर्धे खरे. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी ग्रीक-रोमन मूर्तींचे प्लास्टरचे ठसे समोर ठेवून रेखाटन करत. वेजवुडने ज्या प्रकारच्या ठशांवरून पुतळे काढले त्याच गोतातले हे ठसे. त्या वर्गातून म्हात्रे, फडके, तालीम, करमरकर अशी शिल्पकारांची फळी निघाली. गणपतराव म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ १८९६ ची, नऊवारीतल्या मराठी बाईची, पण अंगाच्या वळणात ग्रीक शिकवणीचा धागा स्पष्ट. पण साचा म्हणाल तर तो इथे सातवाहनांच्या काळापासून होता. धाराशिवजवळच्या तेर गावात दोन हजार वर्षांपूर्वीच्या पांढऱ्या चिनीमातीच्या मूर्ती निघाल्या आहेत, पुढचा आणि मागचा असे दोन साचे वापरून काढलेल्या, आतून पोकळ. वेजवुडच्या कामगाराला ती कृती समजावून सांगावी लागली नसती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीतून तर समुद्रदेव पोसायडनची रोमन घडणीची कांस्यमूर्ती निघाली. ग्रीक-रोमन मंडळी वेजवुडच्या फार आधी महाराष्ट्रात येऊन गेली होती. आणि छातीपर्यंतच मूर्ती कोरायची कल्पना परकी असेल तर घारापुरीच्या सदाशिवाचे काय करायचे? कातळातून छातीपासून वर आलेली ती तीन मुखे सहाव्या शतकातली आहेत. योगायोग पाहा: घारापुरीहून नेलेला एक कोरीव तुकडा अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनला चार्ल्स टाऊनली या संग्राहकाच्या घरात पोचला. त्याच घरात, इटलीत १७८० साली सापडलेला होमरचा प्रसिद्ध संगमरवरी अर्धपुतळा होता. दोघेही आता ब्रिटिश म्युझियममध्ये.

आपल्याकडे खरोखर नव्हती ती एकच गोष्ट, अमुक माणूस असाच दिसत होता हा हट्ट. बोरिवलीच्या कान्हेरीत तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवर जोडपी कोरली आहेत, दात्यांची म्हणतात. भरदार, हसरी, आणि नेमकी कोणाची ते चेहऱ्यावरून सांगता न येणारी. जुन्नरजवळच्या नाणेघाटात याच्या उलट. तिथे लेण्याच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या आठ व्यक्तींच्या प्रतिमा कोरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव: सिमुक सातवाहन, राणी नायनिका, सातकर्णी आणि इतर. बहुतेक नावे शाबूत आहेत. प्रतिमा गेल्या, कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. सेनेकाच्या बाबतीत चेहरा टिकला आणि नाव चुकले. नाणेघाटात नाव टिकले आणि चेहरा गेला. आता उद्या कुणी नायनिकेचा अर्धपुतळा बसवायचा ठरवले तर तो चेहरा मुंबईतल्या कुठल्यातरी कारखान्यातच ठरेल, आणि तो शंभर शाळांत पोचला की नायनिका तशीच दिसत होती असे मुले शपथेवर सांगतील.

मग मुंबईत भाजलेल्या मातीचे अर्धपुतळे का रुजले नाहीत? कारण साधे आहे. शिल्पकार चेहरा घडवतो ती माती अजूनही ओलीच असते. पण पुतळ्याच्या मापाची पोकळ माती सगळीकडे सारख्या जाडीची ठेवून, न तडकू देता भाजायची तर मोठी भट्टी आणि कसबी हात लागतात. त्यापेक्षा मातीवर प्लास्टरचा किंवा रबराचा साचा घेऊन ब्रॉन्झ, सिमेंट नाहीतर फायबर ओतणे सोपे. गणपतीच्या कारखान्यांनी रबराचा साचा, प्लास्टर आणि काथ्या यांचा हात घराघरांत पोचवलाच होता. प्लास्टर मुंबईच्या पावसात उघड्यावर टिकत नाही, म्हणून नाक्यावर फायबर आणि त्यावर ब्रॉन्झचा रंग. वेजवुड मातीला दगड म्हणून विकत होता, आपण फायबरला ब्रॉन्झ म्हणून उभे करतो; फसवण्यात दोघे सारखेच तरबेज. फरक दिसतो तो काळाच्या ओघात. वेजवुडचा होमर प्रतीवरून प्रत निघताना भट्टीत आकसत गेला. नाक्यावरचा अर्धपुतळा दर जयंतीला रंगाचा एक हात घेतो. दहा वर्षांत पापणीची कड बुजते, ओठांमधली रेघ भरून येते, चष्म्याची काडी गालात बुडते आणि चेहरा हळूहळू जाड होत जातो. मग एखाद्या वर्षी रंगारी बारीक ब्रश घेतो आणि ती रेघ पुन्हा काढतो. ती काढताना त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा छायाचित्र नसते, पलीकडच्या नाक्यावरचा पुतळा असतो.